एक टोला बाकी

आमच्या बापानं माही काठी शटर ओढाले वापरली. एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. सकाळी दुकान उघडलं की काठी कोपऱ्यात उभी, अन् संध्याकाळी तिचा वाकडा शेंडा शटरच्या कडीत अडकवून खस्सकन खाली. मी माहेरी आली की दुकानासमोरून जाताना दुसरीकडं पाहायची. पाह्यलं की डोकं सरकायचं.

अन् माहं डोकं सरकलं की सरकलं. मी एस.टी.त कंडक्टर आहे, यवतमाळले राहते. बाजाराच्या दिवशी बकऱ्या-कोंबड्या घेऊन चढणारी माणसं मी एका आवाजात मागं सरकवते. पिऊन चढलेला माणूस माह्या गाडीत दारव्हा येईपर्यंत गुमान बसते. ड्रायव्हर लोक मले म्हणतात, प्रभाबाई, तुम्ही असल्या की हॉर्नची गरजच नाही. पण बापासमोर माही वाचा जायची. इतकी वर्षं त्याले विचारता नाही आलं, की बाबा, माही काठी तू अशी कशी वापरली?

काठी कायची, ते सांगते. गोल्फची.

हसू नका. गोल्फ म्हणजे टीव्हीत दाखवतात तो नाही, कोसभर गवत अन् पांढऱ्या टोपीतले साहेब. हा लहानसा. एखाद्याच्या घरामागच्या वाडग्यात मावला असता. बोरी अरबच्या पलीकडं आमचं गाव, अन् गावाबाहेर जिनिंग, कापसातली सरकी काढाचा कारखाना. जिनिंगच्या सेठचा पोरगा लग्न झाल्यावर बायकोले घेऊन उटीले गेलता. तिथं त्यानं हा खेळ पाह्यला अन् याले वाटलं, आपल्याकडंही पाह्यजे. मुंबईचे दलाल कापूस पाहाले येत, त्यायच्या करमणुकीसाठी गेस्ट हाऊसच्या मागं नऊ खड्डे केले. खड्ड्यापर्यंत जाची सिमेंटची वाट, वाटेत कुठं छोटा पूल, कुठं पाइपातून बोगदा, कुठं फिरणारी पवनचक्की. वरून हिरवी चटई. बांधणारा माणूस बाहेरगावचा. त्यानं काळ्या मातीवर सरळ सिमेंट लेपलं, खाली ना मुरूम ना गिट्टी. पहिल्याच उन्हाळ्यात जमिनीनं तोंड वासलं. पूल एकीकडं, पवनचक्की दुसरीकडं, अन् मधात ही हात जाईल एवढी भेग. दलाल हसून हसून बेजार झाले. सेठच्या पोराले राग आला, त्यानं चटया गुंडाळल्या अन् तिकडं पाहणं सोडलं.

मंग तो गोल्फ आमचा झाला. आमचा म्हणजे लाइनीतल्या पोट्ट्यायचा. जिनिंगच्या मजुरायच्या खोल्या एका रांगेत होत्या, तिले सगळे लाइन म्हणत. माहा बाप भीमराज जिनिंगमधी फिटर होता, म्हणून आम्ही तिथं राहत होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या जागेवर कापसाच्या गंज्या लागायच्या, खेळाचं नावच नाही. हंगाम सरला, गंज्या उठल्या, की जागा मोकळी. म्हणजे आम्हाले गोल्फ भेटायचा तो नेमका भेगायच्या दिवसात. आम्ही भेगांसकट खेळलो. आमचे नियमच तसे होते. चेंडू भेगेत गेला की ‘मातीनं खाल्ला’ म्हणाचं, डाव गेला, अन् हात आत घालाचा नाही, इचू डसते. पूल उखडला होता तर पुलाच्या जागी वीट ठेवाची. चेंडू घरचा, गोटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा चढवून चढवून केलेला. टणक अन् वजनदार.

खेळाले काठ्या बाभळीच्या होत्या सगळ्यायच्या. माही एकटीची लोखंडाची. बाबानं करून देल्ली होती. सळई तापवून, वाकवून, खाली गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा वेल्डिंग करून, वरच्या मुठीवर ट्यूब गुंडाळून. चांगली लांब केली होती. मी म्हटलं, बाबा, हे तं माह्या गळ्यापर्यंत येते. तर म्हणे, वाढशील नं तू. आतापुरती मधात धर. मी मधात धरून खेळायची, वरचा भाग काखेत यायचा. तरी लाइनीत माह्यासारखं कोणी नव्हतं. इकबाल, शहजाद, चौकीदार बाबूसिंगचे दोन्ही पोट्टे, सगळे हरायचे. फोकनाड नाही हे, कोणालेही विचारा.

त्या सालच्या उन्हाळ्यात मॅनेजर साहेबाचा पोरगा नागपूरहून सुट्टीत आला. मकरंद. त्याच्यापाशी दुकानातून आणलेली चकचकीत काठी होती. दोन दिवस तो कट्ट्यावर बसून आमचा खेळ पाहत राह्यला, तिसऱ्या दिवशी म्हणे, माझ्याशी कोण खेळतं? सगळ्यायनं मले पुढं ढकललं. आठ खड्डे झाले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. पाहाले सगळी लाइन जमली. नवव्या खड्ड्याले त्याचा चेंडू तीन टोल्यायनं आत गेला. माहा एकच झाला होता, अन् चेंडू डब्याच्या जवळ. डबा म्हणजे डालड्याचा, जमिनीत पुरलेला, तोच आमचा खड्डा. दुसऱ्या टोल्यात गेला की मी जिंकली. मी काठी उचलली, अन् मागून आवाज आला. मॅनेजर साहेब.

ओरडले नाहीत ते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यायनं बाबाले वर्कशॉपमधून बोलावून घेतलं. बाबा आला, हाताले काळं तेल, तसाच उभा राह्यला. साहेब म्हणे, “भीमराज, ही तुमची ना? उद्यापासून इकडे नको दिसायला. आमच्या मुलांनी कोणाबरोबर खेळायचं याला काही पद्धत आहे.” सगळी लाइन ऐकत होती. बाबा म्हणे, “जी साहेब.”

एवढंच. जी साहेब. अन् त्यानं माह्या हातातून काठी घेतली. मी म्हटलं, “बाबा, माहा एक टोला बाकी आहे.” तो म्हणे, “चल.” मी मागं वळून पाह्यलं तं मकरंदनं माहा चेंडू उचलून खिशात टाकला होता.

घरी आल्यावर बाबा म्हणे, तू आता मोठी झाली, खेळ बंद. मायनंही मान हलवली. मोठी झाली! सकाळपर्यंत लहान होती, दुपारी मोठी झाली. त्या दिवसापासून माहा जीव त्या एका टोल्यात अडकला. कोणी म्हणन, एवढंसं ते काय. नसेल तुम्हाले वाटत मोठं. मले वाटते.

पुढं बाबानं जिनिंग सोडलं अन् गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं. नवं शटर बसवलं, अन् ओढाले काठी पाह्यजे म्हणून माही काठी आणून ठेवली. लांब होती नं. कामी आली.

आता त्या वैशाखातलं सांगते. जिनिंग बंद पडून तीनेक वर्षं झाली होती. कापसाले भाव नाही, जिल्ह्यातून रोज पेपरात शेतकऱ्यायच्या मयतीच्या बातम्या, टीव्हीवाल्यायच्या गाड्या गावोगाव फिरून राह्यल्या होत्या. ज्यायच्या दारात कधी तलाठीही उभा नाही राह्यला त्यायच्या दारात कॅमेरे. माही सुट्टी होती, मी सकाळच्या गाडीनं माहेरी आली. पाणी पिऊन टेकते न टेकते तं माय म्हणे, “माहीत हाय का व? मंत्री येऊन राह्यला. हेलिकॉप्टरनं.”

“येऊ दे. इतके दिवस कुठं होता?”

“उतराले जागा करून राह्यले, जिनिंगमंधी. गेस्ट हाऊसच्या मागं.”

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला. “गेस्ट हाऊसच्या मागं? गोल्फवर?”

“तुह्या गोल्फवरच. मुरमाच्या ट्रॉल्या जाऊन राह्यल्या कालपासून. आज संध्याकाळपर्यंत बुजवतात म्हणे सारं.”

माह्या आंगात जे आलं ते सांगता नाही येत. ज्या जागेले लेकरायसाठी कधी घमेलंभर मुरूम नाही भेटला, तिथं हेलिकॉप्टरसाठी ट्रॉल्या! एका माणसाले दहा मिनिटं उतराचं आहे म्हणून! अन् त्यात माहा नववा खड्डा जाणार, कायमचा. मी चपला घातल्या. माय मागून ओरडली, “अवं, जेवून तं जा, भाकर टाकली ना!” मी कायची थांबते.

दुकानात बाबा बसला होता, एकटाच. काम कुठं होतं? लोक औताचं पातंही उधारीवर जोडून मागत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याले ताजा हार, अन् खाली कोपऱ्यात माही काठी.

“बाबा, काठी दे.”

तो चष्म्यातून पाहत राह्यला. “कोणती?”

“कोणती काय? माही काठी.”

“मंग शटर कायनं ओढू?”

बस. हेच ऐकाचं होतं मले. मी म्हटलं, “दातानं ओढ! इतके वर्षं ओढलं नं माह्या काठीनं, आज एक दिवस नको ओढू. गोल्फ बुजवून राह्यले, माहीत आहे का तुले? माहा टोला बाकी आहे तिथं. मी आज तो मारून येणार आहे.”

“प्रभा, हळू बोल. रस्त्यानं लोक जातात.”

“जाऊ दे.”

“गावात मयती झाल्या, पोरी. मंत्री त्याच्यासाठी येऊन राह्यला. अन् तू या वयात, संसार असलेली बाई, काठी घेऊन खेळाले जाशील? लोक काय म्हणतीन?”

“मी नाही खेळली तं कापसाले भाव येते का? सांग नं. येत असन तं नाही जात.”

त्यानं बाजूचा पाना उचलला. मंग हळूच म्हणे, “जुनं झालं ते. सोडून दे नं आता.”

तेव्हा माह्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, “तू सोडलं, बाबा. मी नाही सोडलं. तू त्या माणसाले जी साहेब म्हटलं अन् मले म्हटलं, मोठी झाली. खोटं बोलला तू माह्याशी. माणसानं भ्यावं, नाही असं नाही. पण लेकराच्या माथी मारू नये. मले म्हणाचं होतं, पोरी, मी भेलो. मी समजून घेतलं असतं.”

बाबाच्या हातातला पाना तसाच राह्यला. मी काठी उचलली अन् निघाली. रडू येत होतं, पण मी रडली नाही, रस्त्यानं मले तिकीटवाली बाई म्हणून ओळखतात लोक.

जिनिंगच्या गेटवर बाबूसिंग अजूनही होता. कारखाना गेला, पगार गेला, तो नाही गेला. मिशा पांढऱ्या झालेल्या. मले पाह्यलं, काठी पाह्यली, अन् फाटक उघडून म्हणे, “आव बाई, आव. लौकर जा. शेवटचाच राह्यला.”

खरंच शेवटचा राह्यला होता. आठ खड्डे मुरमाखाली गेले होते. सगळं लाल, सपाट, वर रोलर उभा. मधात चुन्यानं मोठा गोल मारून ठेवला होता. नववा खड्डा कुंपणाच्या भिंतीले लागून होता म्हणून वाचला होता. सिमेंटचे तुकडे, भिंतीची गोल कड, अन् मधून गेलेली भेग, तोंड वासून. तीच भेग. मागं मुरमानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, उलटी यायच्या तयारीत.

“ओ ताई! इकडे नाही यायचं. बंदोबस्ताची जागा आहे ही.”

गॉगल, टोपी, हातात मोबाइल. पोट सुटलेलं. पण हनुवटी तीच. मकरंद. हेलिपॅडचं काम त्यानंच घेतलं होतं म्हणे, बाप इथं मॅनेजर होता, जागा पाठ होती. मले हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, “मले ओळखलं का?”

त्यानं गॉगल वर केला. पाह्यलं. “नाही बुवा. तुम्ही कुठल्या?”

“लाइनीतली. भीमराज फिटरची पोरगी. आपण इथं गोल्फ खेळलो होतो.”

“अच्छा, लाइनीतल्या!” तो खूश झाला, खरंच खूश झाला. “हो हो, काय मजा यायची नाही? सुट्टीत यायचो मी. इथला चॅम्पियन होतो. सगळ्यांना हरवायचो. फार वाईट वाटतंय हो हे बुजवताना, पण काय करणार, वरून ऑर्डर आहे.”

सगळ्यांना हरवायचो! इतके वर्षं मी ज्या दिवसाचा काटा घेऊन फिरली, तो दिवस याच्या डोक्यात नव्हताच. होता तो असा, आपणच जिंकल्यासारखा. वाईट वाटते म्हणे! मुरूम हा टाकते अन् वाईटही यालेच वाटते.

मी म्हटलं, “मले नाही हरवलं तुम्ही. तुमचे तीन टोले झालते नवव्याले. माहा एक झालता, अन् एक बाकी आहे. तो मारते मी आता. तुमच्या बापानं तेव्हा मारू नाही देल्ला.”

त्याले वाटलं मी गंमत करून राह्यली. हसला. “असेल, असेल. पण ताई, खरंच वेळ नाही आता. तपासणीवाले येतील इतक्यात. चला रे, घ्या ट्रॉली मागे!”

ट्रॅक्टर सुरू झाला. मी जाऊन नवव्या खड्ड्यापाशी उभी राह्यली, काठी टेकून. म्हटलं, टाका. टाका माह्या अंगावर. ड्रायव्हर पोरगं घाबरलं, त्यानं ब्रेक मारला. मजूर काम सोडून पाहाले लागले, बाबूसिंगही गेटवरून आला. मकरंदचं हसणं गेलं.

“हे बघा बाई, सरकारी काम आहे. पोलिसांना बोलावू का? ... बरं, ते तुमचे वडील आहेत ना अजून? अरे बाबूसिंग, भीमराजला बोलावून आण. त्याला सांग, मुलीला घेऊन जा.”

हुबेहूब. बापाचाच आवाज, बापाचेच शब्द. माह्या बापाले याच्या बापानं एकेरीत बोलावलं नव्हतं, हा तेवढा त्याच्याही पुढं गेला.

बाबूसिंग म्हणे, “बोलवाचं काय, थो पाहा, येऊनच राह्यला.”

फाटकातून बाबा येत होता. भरभर, अनवाणी, हाताले काळं.  वाटलं, झालं. आता हा येईन, जी साहेब म्हणन, अन् माह्या हातातून पुन्हा काठी घेईन. मी काठी घट्ट धरली. म्हटलं, आज नाही देत. आज बाप असो की कोणी असो.

मकरंद म्हणे, “भीमराज, समजव जरा हिला. घेऊन जा घरी.”

बाबा थांबला. दम लागला होता त्याले. मकरंदकडं पाह्यलं, सरळ त्याच्या तोंडाकडं, अन् म्हणे, “गाडी बंद कर. माह्या पोरीचा एक टोला बाकी आहे.”

 ट्रॅक्टरच्या पोरानं चावी फिरवली अन् इंजिन बंद पडलं. मकरंदनं तोंड उघडलं, मंग मजुरायकडं पाह्यलं, बाबूसिंगकडं पाह्यलं. बाबूसिंगनं हातातली चौकीदारीची काठी आडवी धरली होती, उगीच, पण धरली होती. “ठीक आहे, ठीक आहे,” मकरंद म्हणे, “मारा एकदाचा.”

अन् तेव्हा माह्या ध्यानात आलं, मी चेंडूच आणला नाही. अशी बैताड मी! रागाच्या भरात काठी तेवढी घेऊन निघाली. बाबानं खिशात हात घातला. ट्यूबच्या रिंगांचा चेंडू, नवा, रिंगा ताज्या कापलेल्या. मी गेल्यावर दुकानात बसून केला होता. म्हणून उशीर झाला त्याले.

मी चेंडू घेतला अन् जागेवर ठेवला. डब्याच्या जवळ, मले आठवत होतं तसा. बाबा म्हणे, “तिथं नाही.”

“इथंच होता.”

“नाही पोरी. भेगेच्या अलीकडं होता. या तुटक्या विटेपाशी.”

“तुले काय माहीत? मी खेळत होती का तू?”

तो खाली वाकला, बोटानं जागा दाखवली. म्हणे, “मले पक्कं माहीत हाय. मी साहेबाच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही त्या दिवशी. तो बोलत होता तवर मी खालीच पाहत होतो. तुहा चेंडू इथं होता.”

 मी चेंडू उचलून विटेपाशी ठेवला. कठीण झाला टोला. मधात भेग. सरळ मारला तं माती खाणार. एकच वाट होती, भिंतीच्या गोल कडेवर मारून भेगेच्या टोकाकडून फिरवाचा, जिथं ती बारीक होते. लहानपणी हजारदा मारलेला. मी काठी धरली, सवयीनं मधात. मंग वाटलं, कायले? वर मुठीवर हात नेला. बरोबर. अगदी बरोबर माह्या उंचीची होती आता. मुठीवरची ट्यूब नवी होती, गुळगुळीत. ती कोणी बदलत राह्यलं होतं हे मी इतके वर्षं दुसरीकडं पाहून पाहून पाह्यलं नव्हतं.

टोला मारला. चेंडू कडेले लागला, वळला, भेगेच्या टोकावरून उडी मारल्यासारखा गेला, दगडाले थटून हळू झाला. मजूर म्हणे, गेला, गेला! थांबतो थांबतो म्हणता डब्यात पडला. डबा गंजून गेलता, टण् आवाज नाही झाला. पण पडला.

मकरंद टाळ्या वाजवाले लागला. खरंच कौतुकानं, लहान लेकराले वाजवतात तशा. “वा ताई! ग्रेट!”

मी त्याच्याकडं गेली. म्हटलं, “टाळ्या कायले वाजवता? हरले तुम्ही.”

त्याच्या टाळ्या मधातच राह्यल्या. त्याले काय वाटलं मले माहीत नाही, अन् माहीत करून घ्याचंही नाही. मी डब्यातून माहा चेंडू काढला अन् माह्याच पिशवीत टाकला. बाबूसिंग मिशीतल्या मिशीत हसत होता. आम्ही फाटकापर्यंत गेलो नाही तं मागं ट्रॉली उलटी झाल्याचा आवाज आला. मी वळून नाही पाह्यलं.

रस्त्यानं बाबा भरभर चालत होता. म्हणे, “दुकान उघडंच टाकून आलो.” मयतीले गेला तरी शटर ओढून जाणारा माणूस. ओढाले काठी नव्हती म्हणून की घाई होती म्हणून, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुकानात पोचल्यावर त्यानं सळईचा एक तुकडा घेतला, तापवला, शेंडा वाकवला, ठोकला, पाण्यात बुडवला. चुर्र झालं. शटर ओढाची नवी काठी तयार. मी स्टुलावर बसून पाहत होती, अन् माहं डोकं पुन्हा फिरलं. म्हटलं, “बाबा, हे एवढंसं काम? चहा उकळेपर्यंत झालं? मंग माहीच काठी काहून वापरली इतके वर्षं?”

तो सळई पुसत राह्यला. मंग म्हणे, “रोज हातात धरली की आठवायचं. आपण त्या दिवशी काय केलं ते. विसरू नाही म्हणून.”

दुसरी कोणी असती तं रडली असती, बापाच्या गळ्यात पडली असती. मले भल्ला राग आला. मी म्हटलं, “चूक तुही, आठवण तुही, अन् काठी माही? मले देल्ली असती तं मी खेळली असती, बाबा. माह्या पोरीले शिकवलं असतं. तू तिले शटरले लावून तुहं मन शांत करत बसला. माहं काय?”

वाटलं, आता मान खाली घालन. नाही घातली. माह्याकडं पाहत म्हणे, “चुकलं. तेव्हाही चुकलं अन् नंतरही चुकलं.” अन् काठी उचलून, फडक्यानं पुसून, दोन्ही हातानं मले देल्ली.

मंत्री आला, पण हेलिकॉप्टर नाही आलं. ऐन वेळी गाडीनं आला, रस्त्यारस्त्यानं, दोन घरी चहा पेला अन् गेला. पहिल्या पावसात हेलिपॅडचा मुरूम खचला, जिथं भेगा होत्या तिथं चर पडले. माय फोनवर सांगत होती, गावातली पोट्टी आता त्या चुन्याच्या गोलात क्रिकेट खेळतात. गोल्फ काय असते, एकालेही माहीत नाही.

राग गेला का? नाही गेला. सारा बापावरचा होता, त्यातला थोडा बापावर राह्यला, बाकीचा कुठं ठेवाचा ते अजून पाहून राह्यली. काठी मी यवतमाळले आणली, गाडीत, माह्या सीटशेजारी उभी करून. बोरीले एक म्हातारा चढला, म्हणे, बाई, हे कायची काठी व? मी म्हटलं, माही आहे, तुम्ही पुढं सरका.